अक्कांची तीन पोस्टकार्डं

त्या मंगळवारी डॉक्टरांनी माझ्या चार वर्षांच्या मुलीला मतिमंद म्हटलं आणि विशेष शाळेसाठी चिठ्ठी दिली.

चिठ्ठी घेऊन आम्ही जळगावच्या आमच्या गल्लीत परतलो, तेव्हा अक्का ओट्यावर शेंगा सोलत होत्या. गल्लीतली बालवाडी त्याच चालवत.

"किती वेळ पाह्यलं पोरीले?"

"पाच मिनिटं."

"पाच मिनिटात तं मी भरताचं वांगंबी निवडत नही, भाऊ!"

ऐकू येतं का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. आम्हीच ठामपणे हो म्हणालो होतो. आमचं घर माडीवर, जमीन फळ्यांची. पाय आपटला की मुलगी वळायची.

अक्कांनी तिला दगडी ओट्यावर बसवलं, शेंगा पुढ्यात दिल्या आणि मागून परात वाजवली. गल्लीतली कुत्री उठली. मुलगी शेंगा सोलत राहिली. घरी ती फळ्यांच्या हादऱ्याला वळत होती, आवाजाला नाही.

बायको रडू लागली.

"थांब वं माय. मी काही तपासणारी नही. तपासणारा नीट निवडू."

असं कोणी न नेमलेलं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. अक्कांनी मुलं तपासणाऱ्या तीन ठिकाणी पोस्टकार्डं टाकली. तिन्हींत प्रश्न तेच: मुलीला किती वेळ पाहता? कान आधी तपासता का? आईला आत बसू देता का?

एक उत्तर आलंच नाही. दुसरीकडून नुसतं छापील वेळापत्रक आलं. तिसरं कार्ड धुळ्याला गेलं होतं; तिथल्या तपासणाऱ्या बाईंनी मात्र लिहिलं होतं, "कान आधी. आईने आतच बसावं. वेळ किती लागेल, ते मुलगी ठरवेल."

सासरे म्हणाले, मोठ्या शहरातल्या मोठ्या नावाकडे न्या.

"नाव मोठं शे, आबा. वेळ शे का त्यांच्याकडे?" अक्कांनी विचारलं.

आम्ही धुळ्याला गेलो. त्या बाई सकाळभर सतरंजीवर मुलीशी खेळल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं. मग म्हणाल्या, "बुद्धी चांगली आहे. ऐकू फार कमी येतं." दोन्ही खेपांना अक्का बाहेर बाकावर पोळीभाजीचा डबा घेऊन बसल्या होत्या.

छातीवर ऐकण्याच्या यंत्राची डबी आली, कानात वायर आली. बालवाडी सुटली की अक्का मुलीचा हात आपल्या गळ्यावर ठेवून शब्द शिकवत. हे त्यांनी पाच वर्षं केलं. आभार मानले की चिडत.

अक्का गेल्या तेव्हा मी कामासाठी बोदवडला होतो. परतलो तर मुलगी दारात उभी होती.

"बाबा, अक्का गेल्या," ती म्हणाली.

उच्चार जरा जड होते. कळले मात्र सगळे.

बालवाडी आता बंद आहे. मुलगी बोलते.