ज्याची बातमी, त्याच्याच घरचा चहा

नाना ज्याच्याविरुद्ध बातमी लिहीत, त्याच्याच घरी जाऊन चहा पिऊन येत. बातमी छापायला देण्याआधी कागद खिशात घालून ते त्या माणसाच्या दारात उभे राहत आणि म्हणत, "तुमच्याबद्दल लिहिलंय. शनिवारी छापून येईल. आधी तुम्ही ऐका." मग ओटी असो की सोफा, मिळेल तिथे बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवत. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं. मलाही वाटलं होतं.

मी चिपळूणची. लग्न होऊन विरारच्या फ्लॅटमध्ये आले आणि वसईतल्या एका साप्ताहिकात पानं लावायच्या कामाला लागले. नाना तिथले सगळ्यांत जुने बातमीदार. मुंबईच्या दैनिकातली बरी नोकरी सोडून ते इथे आले होते. का, तर "तिथे ज्याच्यावर लिहायचो तो कधी भेटायचाच नाही." अशा माणसाला संसारात टिकवायला जी बायको लागते, ती त्यांना मिळाली होती. काकू शाळेत शिकवत. घर त्यांच्या पगारावर चाले, आणि नानांच्या पगारात घरी वर्तमानपत्रं येत. "तुमच्या नानांना गावभरच्या चोरांचा चहा गोड लागतो, माझाच तेवढा पांचट," असं त्या मला ऐकवत, पण नानांच्या कानावर जाईल अशा बेताने.

चहाबद्दल नानांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. वाचून झाल्यावर समोरच्याने चहा विचारला, तर बातमी पक्की. "अंगावर आला तर घाबरू नकोस, तो घाबरलेला असतो. पण हसून मिठाई पुढे केली ना, तर परत जाऊन खोदायचं. आपण काहीतरी फारच थोडं लिहिलंय." आम्ही यावर पुष्कळ हसायचो, पण हे शास्त्र फारसं चुकताना मी पाहिलं नाही.

राजोडीला एकजण किनाऱ्यावरची वाळू उपसून विकायचा. नाना त्याच्याकडे बातमी वाचायला गेले. तो गडी पाय हलवत ऐकत होता. वाचन संपलं तशी आतून त्याची बायको हात पुसत बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "ह्ये खरं हाय का? आपल्या घरापुढची वालू?" पुढचं नानांना ऐकावं लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ट्रक बंद झाले आणि बातमीतली हवाच गेली. संपादक कपाळाला हात लावून बसले. नाना मात्र खुशीत होते. त्या बाईने जाताना सुकट बांधून दिली होती, आणि ती घ्यावी की नाही यावर काकूंशी त्यांचा दोन दिवस वाद चालला.

सगळेच असे सुकट देत नसत. एकदा कोणीतरी त्यांची स्कूटर जाळली. त्यांची मुलगी तेव्हा शाळकरी होती. ती रडायला लागली, तेव्हा नाना तिला म्हणाले, "गाडी गेली, पाय आहेत." काकूंनी त्या रात्री त्यांच्याशी बोलणं टाकलं आणि सकाळी स्वतःची सायकल झाडून पुसून दारात लावून ठेवली. ती मुलगी आज वकील आहे. बापासारखीच हट्टी.

दुरुस्तीच्या बाबतीत नाना फार कडक. चूक झाली तर पुढच्या अंकात पहिल्याच पानावर सांगायची. "चूक लपवू नये. ती राहू दे, खाली दुरुस्ती छाप. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं, आपणही माणसंच."

आणि मग ती त्यांच्या दादांची बातमी आली. नानांचं गाव खाडीकाठचं, भातशेतीचं. दादा म्हणजे थोरले बंधू, घरचे कर्ते. गणपती त्यांच्याकडे बसायचा आणि मखर दरवर्षी नाना करायचे. दादांनी खाडीलगतची जागा गोदामांना दिली, तिथे मातीभराव झाला, पाण्याची वाट बुजली आणि मागच्या सगळ्या शेतांत खारं पाणी तुंबून राहिलं. लोक नानांकडे आले. संपादक म्हणाले, "नाना, ही दुसऱ्या कुणाला लिहू दे. आपलेच दात आणि आपलेच ओठ." नाना म्हणाले, "दुसऱ्याने लिहिली तर दादाला वाचून कोण दाखवणार?"

त्यांनी बातमी लिहिली. पण आयुष्यात पहिल्यांदाच जागेवर न जाता लिहिली. लहानपणी पाणी तुंबायचं ते खाडीच्या बांधातल्या झडपेपाशी, तिला गावात उघाडी म्हणतात. तेच त्यांच्या डोक्यात बसलेलं, म्हणून दादांनी उघाडीच बुजवली असं लिहून मोकळे झाले. भावाने बुजवलेली जागा डोळ्यांनी बघणं त्यांना जड गेलं असणार, असं मला वाटतं. कागद घेऊन ते दादांकडे गेले. दादांनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "उघाडी मोकली हाय. नाला मी मसनाच्या मागं बुजवलाय. जाऊन बघ, मग लिव."

नाना तिथून थेट स्मशानामागे गेले. दादा म्हणाले तसंच होतं. ज्याच्याविरुद्ध बातमी, त्यानेच ती खरी करून दिली होती. ऑफिसात येऊन त्यांनी ते वाक्य बदललं. मी विचारलं, "आणि चहा?" त्यांनी नुसती मान हलवली आणि पंख्याखाली बसून राहिले. भावाने चहासुद्धा दिला नाही, हे आम्ही समजलो. मला त्या न पाहिलेल्या दादांचा मनापासून राग आला.

बातमी छापून आली. त्या वर्षी नानांना गणपतीचं बोलावणं नव्हतं. काकूंनी घरी मोदक केले, पण नाना जेवले नाहीत. पुढे उन्हाळ्यात गावातून निरोप आला, की दादांनी स्वतः पोकलेन आणून नाला मोकळा केला. कुणी नोटीस काढायची वाटसुद्धा पाहिली नाही. भाताला खाचरं पुन्हा तयार झाली. आणि गणपतीच्या आठ दिवस आधी दादा नानांच्या दारात येऊन उभे राहिले, म्हणाले, "मखर कोन करनार? मना जमत नाय." नाना चपला घालायच्या विसरून त्यांच्याबरोबर निघाले. ही गोष्ट सांगताना काकू आजही हसता हसता डोळे पुसतात.

नाना गेल्या वर्षी गेले. साप्ताहिक आता मी चालवते. आमच्याकडची नवी पोरं मोबाइलवर बातमी टाकतात, पण टाकण्याआधी त्या माणसाच्या दारात जातात. कुरकुरतात, तरी जातात. गेल्याच महिन्यात एकजण पाचूबंदरहून परत आला तो चहाही पिऊन आणि दोन बांगडेही घेऊन. नाना असते तर काकूंशी पुन्हा वाद झाला असता.

हे सगळं लिहून झाल्यावर मला वाटलं, नानांबद्दल लिहिलंय, तर नानांच्याच पद्धतीने वाचून दाखवायला हवं. ते नाहीत, म्हणून गावी दादांकडे गेले. आता त्यांना कमी दिसतं. ओटीवर बसून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांच्या सुनेने चहा आणून ठेवला. दादांनी चाचपडत कप माझ्यापुढे सरकवला.

मग म्हणाले, "चहाचं चुकलंय, बाय. मी दिलेला. बायको शेतावर गेलेली, मीच केला. तो वाचत होता आनी कप हातात धरलेला. वाचून झालं, तरी पिववना त्याला. तसाच ठेवून गेला. मग तो मीच प्यालो."

मी कागद खाली ठेवला आणि माझा चहा पूर्ण प्यायले. वर लिहिलेलं मी बदललेलं नाही. फक्त खाली ही दुरुस्ती : त्या दिवशी दादांनी चहा दिला होता. नानांच्या घशाखाली तो उतरला नाही.