मडमेचा दगड

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली त्या वर्षी आमच्या विहिरीत घागर बुडेल एवढंही पाणी नव्हतं. तरी गावाला स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचा स्तंभ हवा होता. जागा एकच, चावडीपुढची, आणि तिथे मडमेचा दगड उभा होता. मडम म्हणजे मिशनच्या दवाखान्यातली गोरी डॉक्टरीण. ती गेल्यावर लोकांनी तिच्या नावाचा दगड बसवला आणि आमच्या बायकांनी त्याची सटवाई करून टाकली. सव्वा महिना झाला की बाळंतीण यायची, हळदकुंकू वाहायची, पोराचं कपाळ दगडाला टेकवायची.

मी शाळेत नवा मास्तर, त्यात तोंडाळ. ग्रामसभेत म्हणालो, "ज्यांनी आपल्याला गुलाम केलं त्यांची पूजा चावडीपुढे? आपल्या मातीत आपलीच माणसं उभी राहतील!" मडम त्या राज्यकर्त्यांच्या देशाची नव्हतीच, हे मला ठाऊक होतं. पण टाळ्या पडल्या.

मडमेच्या हाताखाली राबलेली गावची म्हातारी सुईण उठली. "मास्तर, सतंभ बांदा की. आमचं काय न्हाई. फकस्त दगड माज्या दारात नेऊ द्या."

"देव घरी नेतात, आजी. हा दगड आहे."

लोक हसले. माणसं हसवता येतात याचा मला तेव्हा फार माज होता.

दगड दुष्काळी कामावर गेला, रस्त्याच्या खडीसाठी. म्हातारी एकटी, पोटासाठी तिथेच खडी फोडायची. मुकादमाने दगड नेमका तिच्यापुढे टाकला. त्याला तसं मीच सांगितलं होतं, गंमत म्हणून.

मधल्या सुट्टीत मी बघायला गेलो. तिने हातोडा खाली ठेवला होता.

"तू पायाळू," ती म्हणाली. "दोन दिस आई अडली हुती तुजी. मडमनं हात घालून काडला तुला. मी कंदील धरला हुता."

आई हे मला लहानपणापासून सांगत आली होती, त्यात नवीन काही नव्हतं. पण चारचौघांत ते निघालं म्हणून लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

"फोडायचा नसेल तर उद्यापासून येऊ नका," मी म्हणालो. तो अधिकार माझा नव्हता. मुकादमाने होकारार्थी मान हलवली.

तिने दगडाला हात लावून कपाळाला लावला आणि पहिला घाव घातला. दगड काळा, चिवट होता. तिला दिवस मावळेपर्यंत लागला. मी शाळेत परत गेलो नाही. ती मध्येच थांबते का, ते बघत तिथेच उभा राहिलो.