करमाडला मी उतरलेच नव्हते

अशा गोष्टी लिहिणाऱ्यांवर माझा कधीच विश्वास बसला नाही. ऑफिसात कुणी भुताखेताचं सुरू केलं की मी हेडफोन लावते. आणि खरं सांगायचं तर चर्चमध्ये कुणी उभं राहून ‘देव माझ्याशी बोलला’ अशी साक्ष द्यायला लागलं, की तेव्हाही मी मान खाली घालून चपलेच्या पट्ट्याकडे बघत बसते. म्हणूनच हे लिहिताना लाज वाटतेय... अजून एका कारणानेही वाटतेय, ते पुढे कळेलच.

मी पुंडलिकनगरला आईबरोबर राहते. नोकरी जालना रोडवर, करमाडच्या जरा पुढे, बियाण्यांच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये. आमचं चर्च छावणीत. आमच्याकडे एक पद्धत आहे — उपासनेत किंवा कुणाच्या घरच्या प्रार्थनासभेत पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, अचानक म्हणतात, “आता अमुक बहीण आपल्याला प्रार्थनेत चालवतील.” सगळे डोळे मिटतात आणि त्या बहिणीने तिथल्या तिथे, मोठ्याने, स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायची. माझी शाळा इंग्लिश मीडियमची, बायबलही इंग्लिश. डोळे मिटले की मला प्रार्थनेचं एक धड मराठी वाक्य सापडत नाही. त्यामुळे ती वेळ जवळ आली की मी पाणी प्यायला बाहेर जाते. हे सगळ्यांना माहीत आहे. कुणी काही बोलत नाही, तेच जास्त लागतं.

करमाडच्या रत्नाबाई आमच्याच चर्चच्या. मळ्यात पाय घसरून पडल्या आणि खुबा मोडला. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते, पण त्या तयार होईनात. ‘त्या टेबलावरनं मी उठायची नाय,’ एवढंच म्हणायच्या. एका रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, “या माउलीकडे कोण जाईल?” आणि मला माझं नाव ऐकू आलं. आवाज म्हणता येणार नाही. पण मागून हाक आली की मान जशी आपोआप वळते तशी माझी वळली — आणि मागे नुसती भिंत होती. मी हात वर केला नाही.

बाहेर पाळकीणबाईंनी, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नींनी, मला बरोबर गाठलं. “तुझी बस करमाडवरूनच येते ना गं? उतर एक दिवस. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना कर, मागून येणाऱ्या एस्टीने घरी ये.”

“मला मराठीत नीट येत नाही, बाई.”

“देव काय तुझी परीक्षा घेतोय?”

गुरुवारी जाते म्हणाले.

गुरुवारी बस करमाडला थांबली. दोघेतिघे उतरले. मी बॅग मांडीवर घेऊन तयार होते... आणि उठलेच नाही. शेजारी फरहीन होती, आमच्याच लॅबमधली. “अगे, तेरेकु उतरना था ना?”

“नंतर,” मी म्हणाले.

बस सुटली. मी काचेला डोकं टेकून मनातल्या मनात, इंग्लिशमध्येच, जवळजवळ रागाने देवाला म्हणाले — मला नाही जमत. तिला भीती वाटतेय ना? मग तूच जाऊन बस तिच्याजवळ.

ही प्रार्थना नव्हती. हात झटकणं होतं.

रविवारी साक्षीच्या वेळी रत्नाबाईंची सून शालन उभी राहिली. “आत्याबाई आप्रेशनला तयार झाल्या. ह्या ताई गुरुवारी येऊन गेल्या, त्यांच्या प्रार्थनेनं.” आणि तिने बोट माझ्याकडे केलं. लोक हालेलुया म्हणाले. मी अर्धवट उठून म्हणाले, “मी गेले नव्हते.” पाळकीणबाई कौतुकाने सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, “बघा, किती नम्र पोर!”

त्या क्षणी जमीन फाटावी असं वाटलं.

उपासना सुटल्यावर मी शालनला बाजूला घेतलं. “अहो, खरंच मी नव्हते.”

“अवं ताई, आसमानी कुडता, गळ्यात कंपनीचं कार्ड. चहा नको म्हणलात, नुसतं पाणी पिलात. मला का दिसत नाय व्हय?”

मी चहा पीत नाही. गुरुवारी कुडता आसमानीच होता.

घरी आईने भाजी निवडता निवडता विचारलं, “गेली होतीस का?”

“नाही.”

“मग उद्या जा.”

सोमवारी मी करमाडला उतरले. एकच भीती होती. खरं सांगितलं आणि रत्नाबाई ऑपरेशनला पुन्हा नाही म्हणाल्या तर? बुधवारी त्यांना नेणार होते. पण न सांगता त्यांचे आभार कसे घेणार होते मी?

त्या खिडकीजवळच्या पलंगावर होत्या. मला बघताच म्हणाल्या, “आली का गं बाई? ये, बस.”

“मावशी, मी गुरुवारी आले नव्हते. मी घाबरले. बसमधून उतरलेच नाही.”

शालन दारातून हसली. “लई लाजतात ह्या!”

रत्नाबाई हसल्या नाहीत. “समदे येतात अन् हिला बरं कर म्हणतात. तू तसं नाय म्हणलीस. तू म्हणलीस, हिला भीती वाटती, तूच हिच्यापाशी येऊन बस. तवापासून मी एकली नाय बघ.”

ते वाक्य मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मराठीत तर स्वतःशीही म्हटलं नव्हतं.

“आता पुन्यांदा म्हण. परवा नेणारेत मला.” त्यांनी पदर मागे सारला आणि डोकं माझ्यापुढे केलं. विरळ, पांढरे, तेल लावलेले केस. दार उघडंच होतं. शालन पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तहान लागली म्हणायचीही सोय होती.

मी हात ठेवला. “प्रभू... मावशीला...” पुढे काही येईना. मग इंग्लिश आलं, तेही अर्धवट. मधे रडू आलं. ‘डॉक्टरांचे हात’ असं काहीतरी म्हणाले आणि वाक्य तसंच सोडून घाईघाईने आमेन म्हटलं.

रत्नाबाईंनी एक डोळा उघडला. “गुरुवारी बरी म्हणली होतीस.”

शालनला हसू आवरेना. मलाही रडता रडता हसू आलं.

ऑपरेशन नीट झालं. वॉकर घेऊन त्या अंगणापर्यंत येतात. मी शोधायचं तेवढं शोधलं. आमच्या कंपनीतली दुसरी कुठलीच मुलगी त्यांच्याकडे गेली नव्हती. गुरुवारी मी घरापर्यंत शेजारीच बसून होते, हे फरहीन आजही शपथेवर सांगते. एक वेळ कुडत्याचा आणि कार्डाचा योगायोग मानेन, पण त्या वाक्याचं काय?

चर्चमध्ये अजून लोक त्या प्रार्थनेसाठी माझं कौतुक करतात. मी दर वेळी सांगते की ती मी नव्हे, आणि दर वेळी ते हसतात. आता दर गुरुवारी मी करमाडला उतरते आणि रत्नाबाईंजवळ बसून प्रार्थना करते. आवाज अजून कापतो. जी कुणी माझ्याआधी त्या पलंगाजवळ बसून गेली, तिला मी ओळखत नाही. बोलावलं मात्र मला होतं.