जावळाची घोंगडी

सांगलीच्या खणभागातल्या त्या कलादालनाच्या पायरीवर शेजारची सुलाबाई मेथी निवडत बसली होती. धोंडुबाईंनी दाराबाहेर चपला काढताच ती म्हणाली, "आवं, ऱ्हाऊ द्या पायात. देऊळ न्हवं हे. आमी तर भाजीबी हितंच निवडतोय."

धोंडुबाई तरीही अनवाणीच आत गेल्या. आटपाडीकडच्या वाडीतून सांगलीला यायला त्यांना दोन एसट्या बदलाव्या लागल्या होत्या. त्यांचा थोरला मुलगा अर्जुना मेंढरं घेऊन कोकणात उतरताना घाटात ट्रकखाली गेला, त्याला दोन वर्षं झाली. त्याच्या लग्नासाठी कोकरांच्या पहिल्या कातरणीची, जावळाची लोकर त्यांनी स्वतः कातली होती. तिची घोंगडी त्याने कधी धुऊ दिली नाही. तो गेल्यावर त्यांनीही धुतली नाही. रोज तिन्हीसांजेला त्या तिच्यात तोंड खुपसून बसत. आई खुळी होईल, या भीतीने धाकट्या मल्हारने ती न विचारता इथे देऊन टाकली.

मल्हारची आई आल्याचं कळताच दालन सांभाळणाऱ्या सृष्टीने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि भिंतीवरची घोंगडी उतरवून मांडीवर ठेवली. "आजी, इथं सगळ्याला हात लावायचा. ही तर तुमचीच."

काठावर त्यांनीच घातलेला टाका होता. धोंडुबाईंनी डोळे मिटून घोंगडी तोंडाशी नेली. बराच वेळ तशीच धरली. मग घडी बदलली. मग दुसरा काठ.

रिठ्याचा वास येत होता.

"धुतलीस व्हय?"

"हो, आजी. कसर लागू नये म्हणून. हाताने, तीन पाण्यांतून काढली. आधी फार वास यायचा तिला."

पोर शाबासकीची वाट पाहत उभी होती. तिला बोल लावणं धोंडुबाईंना जमलं नाही.

"लय नितळ निघाली," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने विचारलं, "पानी कुठं वतलंस?"

"मागं, जास्वंदीच्या आळ्यात. झाडाला काही झालं नाही."

"कवा?"

"महिना झाला असेल."

धोंडुबाई उठल्या. घोंगडी खुर्चीवरच राहिली. मागच्या अंगणात त्या आळ्याशी उकिडव्या बसल्या, मूठभर माती उकरली आणि नाकाशी नेली.

सृष्टी दारात येऊन पाहत राहिली, आणि हळूहळू तिचा चेहरा उतरला. "आजी, मला माहीत नव्हतं."

"तुझी चूक न्हाई, पोरी," धोंडुबाई मान वर न करता म्हणाल्या, आणि आणखी खोल उकरू लागल्या.