डाकेची शर्यत आणि माझी पेज

लग्नाला पाच महिने झाले होते, आणि माझ्या नवऱ्याला मी फक्त पायांवरून ओळखत होते.

हसू नका! वैशाखात लग्न झालं. पहिला आषाढ माहेरी काढायचा म्हणून लगेच पाठवणी. श्रावण सरता सरता परत सासरी आले, तर घरात मामंजी, दोन चुलतसासरे आणि ओटीवर सदा कुणीतरी पाहुणा. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत आणि नजर जमिनीवर. त्या जमिनीवरून जे जे जाई ते मला नीट ठाऊक होतं. मांजर, कोंबड्या आणि ह्यांचे पाय! डाव्या अंगठ्याचं नख काळं, घोट्यावर कोयत्याची खूण. त्याच्या वरचा नवरा मी पाहिलाच नव्हता. (दिवा लावून पाहायचा होता म्हणाल, तर आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, दिव्याला तेल घालताना थेंब मोजायच्या.)

आश्विनात गावात बातमी आली. कर्जत स्टेशनात उतरलेली डाक खालापूरच्या कचेरीत पोचवायला एक हरकारा नेमायचा होता. जागा एक आणि उमेदवार दोन. एक हे आणि दुसरा वावर्ल्याचा गणू. डाकेच्या साहेबाने ठरवलं की दोघांना पळवायचं, जो खालापुरात आधी पोचेल तो नोकर. ह्यांना नोकरी मिळाली नाही, तर दिवाळीनंतर मामाबरोबर मुंबईला गोदीत हमालीला जायचं ठरलेलं. म्हणजे आमची भेट थेट शिमग्याला, तीही पायांची! मला ते अजिबात नको होतं. न पाहिलेल्या माणसासाठी माझा जीव इतका का तुटत होता कोण जाणे, पण तुटत होता. आत्याबाईंचा तर तो एकुलता एक लेक.

शर्यतीची वाट आमच्या गावाच्या कडेने जात होती. आत्याबाईंनी तांब्याभर पेज घेतली, गुळाचा खडा घेतला, पोटऱ्यांना चोळायला वाटीत तेल घेतलं (दिव्याला नसलेलं तेल त्या दिवशी कुठून आलं, देव जाणे!) आणि आम्ही दोघी वाटेवर जाऊन उभ्या राहिलो. आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लांबून हरकाऱ्याच्या घुंगराच्या काठीचा आवाज आला तशी त्यांनी मला कोपराने ढोसलं.

"बघ गं, कोन हाय? माजा धोंडू हाय का?" (नाव त्यांनी घेतलं. मी फक्त लिहिलं.)

मी पदराखालून पाहिलं. दोन पाय येत होते, गुडघ्यापर्यंत चिखलाने लडबडलेले! पावसात रस्ता वाहून गेला होता आणि दोघांना भाताची खाचरं तुडवत यावं लागत होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नख कुठलं नि खूण कुठली! डोक्याकडे पाहावं, तर साहेबाने दोघांना एकसारखी लाल पागोटी दिलेली.

"बोल की गं! डोळे तरणे ना तुजे?"

आता सासूला काय सांगू? तुमचा मुलगा मी अजून पाहिला नाही म्हणून?

"तेच हायत," मी म्हणाले.

झालं! आत्याबाईंनी त्याला हाताला धरून दगडावर बसवलं. त्याने चकार शब्द न काढता पेज प्यायली, गूळ तोंडात टाकला. आत्याबाई पोटऱ्यांना तेल चोळायला लागल्या.

"पोटऱ्या बऱ्या भरल्यात रं! सुनेच्या हातचं मानवलं म्हनायचं."

मी लाजले.

तेवढ्यात मागून दुसऱ्या घुंगरांचा आवाज आला आणि कुणीतरी ओरडलं, "आये! ह्ये काय चाललंय?"

आत्याबाईंचे हात जागच्या जागी थांबले. दगडावरचा माणूस उठला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "बरं हाय मावशी, येतो." आणि ताज्या तेलाच्या पोटऱ्यांनी जो सुटला!

"अगं भवाने, माजा लेक तुला वळखू येत नाय?"

ह्यांनी तांब्या उलटा करून पाहिला. थेंब नव्हता. "आपलीच मानसं अशी, तर कुनाला सांगायचं!" म्हणाले आणि तहानलेलेच निघून गेले. मी तेव्हाही त्यांच्या पायांकडेच बघत होते.

मला रडू फुटलं. पण रडत बसायला वेळ नव्हता. रस्ता पुढे टेकडीला मोठा वळसा घालायचा आणि बांधाबांधाने गेलं तर वळणावर आधी पोचता यायचं. मी घरात धावले, चुलीवरचं पेजेचं मडकं उचललं, तांब्या घेतला, कासोटा घट्ट खोचला आणि पळत सुटले. पदर कुठे पडला, कळलंच नाही.

वळणावर लाल पागोटं दिसलं. या वेळी मी चुकणार नव्हते, सरळ विचारणार होते! पण नाव कसं घेणार?

"तुमी आमच्या घरचेच ना?"

"हां हां, घरचाच!"

मी आयुष्यात पहिल्यांदा मान वर केली. गोल चेहरा, झुपकेदार मिशी, हसरे डोळे. बरे दिसतात की, असं मनात आलंसुद्धा. (देवा, क्षमा कर!) मी काठोकाठ तांब्या भरून दिला. मग दुसरा. तो ढेकर देतोय तोवर मागून आणखी एक लाल पागोटं आलं. त्या पायांवरचा चिखल वाळून गळत होता, आणि घोट्यावर कोयत्याची खूण होती!

"अवो, घ्या ना!" मी उरलेली पेज पुढे केली.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनीही मला पहिल्यांदाच पाहिलं. माझं लुगडं ओळखायला हवं होतं, पण गावातल्या निम्म्या बायकांची लुगडी त्याच बाजारातली.

"नको बाई. तुमच्या मानसालाच पाजा," म्हणाले आणि पुढे गेले.

गणू त्यांच्यामागे धावला. पण फार लांब गेला नाही. पोटात तीन तांबे पेज घेऊन माणूस किती पळणार? दहा-वीस पावलांवर तो कूस धरून खाली बसला, आणि हे उपाशीपोटी खालापुरात पहिले पोचले.

संध्याकाळी ओटीवर आत्याबाई लेकाच्या तोंडावरून हात फिरवत रडत होत्या. मी दाराआड उभी होते.

"नोकरी लागली, आये. मुंबई नाय आता. पन गणू नशिबाचा हां! त्याची बायको काय बाई हाय! कासोटा खोचून बांधावरनं धावत आली, त्याला पेज पाजली, वर मलाबी इचारलं. आन् आमची? खाली मान घालून हुबी! बायको असावी तर तशी."

आत्याबाईंनी दाराकडे मान वळवली (चुलीवरचं मडकं कुठे गेलं होतं ते त्यांना आत्ता उमगलं), मी त्यांच्या तेलकट हातांकडे पाहिलं. त्यांनी ते घाईघाईने पदराला पुसले.

पुढे आमची तोंडओळख झाली. पण तोवर ह्यांच्या मनातून त्या बाईचा चेहरा गेला होता, गुण तेवढे राहिले होते. आमटी खारट झाली की अजून तिची आठवण निघते. तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझं केलेलं हे एकच कौतुक. खरं काय ते मी सांगितलेलं नाही. सांगितलं, तर तेवढंही परत घेतील!