समुद्रफुलाचा पाहुणचार

लग्नाच्या बाजारात माझा भाव कधी वधारलाच नाही. उंची बेताची, केस त्याहून बेताचे, आणि मुलीसमोर बसवलं की तोंडाला कुलूप. मरोळच्या एका कारखान्यात मी रंगाचे नमुने तपासायचो. दिवसभर डब्यांशी बोलायचं, तेवढंच मला जमायचं. बोरिवलीच्या आमच्या छोट्या घरात आई, बाबा, मी आणि खिडकीशेजारी माझा फिशटँक. तोही खाऱ्या पाण्याचा. लोक आपले गोड्या पाण्यात चार मासे सोडून सुखी असतात, पण सरळ साधं काही केलं तर तो मी कसला!

त्या टँकमध्ये एका दगडाला समुद्रफूल चिकटलेलं होतं. नाव फूल, पण आहे प्राणी. खाली बुटका मांसल देठ, वर बोटांसारख्या मऊ मऊ शेंड्या आणि मधोमध तोंड. त्या शेंड्यांत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा एक मासा भाडं न देता राहायचा. बाबांना या प्रकरणाचं काडीचं कौतुक नव्हतं. "आमच्या गावात दर्याकडच्या खडपार ह्येंका कोण इचारीत नाय," ते म्हणायचे. "पाय पडलो काय पिचकारी मारतत. आणि ह्या शाण्यान इकत आणल्यान!" आईची तक्रार वेगळी होती. माणसांच्या तोंडची कोळंबी या मेल्याला कशाला?

अशात मुलुंडचं एक स्थळ आलं. मुलगी टेलिफोन ऑपरेटर. आम्ही तिला बघून आलो होतो आणि मी तिथे नेहमीप्रमाणे 'हो', 'नाही' आणि 'पाणी मिळेल का' एवढंच बोललो होतो. तरीही ती मंडळी आमचं घर बघायला आली. मुलगी, तिची आई आणि ज्याच्या शब्दाबाहेर घरात कुणी नव्हतं, तो तिचा मामा. आईने लाडूची बशी पुढे केली. मामाने ती दोन बोटांनी परत सरकवली. "ठरल्याशिवाय आम्ही मुलाच्या घरी गोड खात नाही," तो म्हणाला. आईचा चेहरा पडला. आमच्या घरातून कुणी न खाता जाणं म्हणजे तिला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं वाटतं.

मुलगी मात्र थेट टँकपाशी गेली. वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "अय्या, हे जिवंत आहे?"

झालं! माझं कुलूप तुटलं. ते खातं कसं, तोंड कुठे, मासा त्यात राहतो कसा, त्याला डंख का लागत नाही, मी बोलत सुटलो. चहा निवला, मामाने घड्याळ बघितलं, बाबांनी खाकरून इशारा केला, पण मी ऐकेन तर शपथ. आणि ती ऐकत होती, चक्क जांभई न देता! जाताना म्हणाली, "पुढच्या वेळी आले की मी भरवीन हं याला."

पुढच्या वेळी! माझ्या बाबतीत हे शब्द आजवर फक्त दंतवैद्याने वापरले होते.

मामा भातकापणीला गावी चालला होता. तो परतला की बैठक, असं ठरलं. आणि त्या मधल्या काळातच समुद्रफूल आजारी पडलं. शेंड्या आखडल्या, देठ सुरकुतला, तोंड आ वासलेलं राहिलं. दगड सोडून ते कोपऱ्यात लोळत पडलं आणि मधूनमधून तपकिरी, बुळबुळीत काहीतरी ओकू लागलं. पाणी गढूळ झालं. भाडेकरू मासा बेघर होऊन हवेच्या नळीमागे तोंड लपवून बसला.

माझी पाचावर धारण बसली. आईला तो अपशकुन वाटत होता, पण माझी भीती फारच व्यवहारी होती. हे फूल मेलं तर ती आल्यावर मी बोलणार कशावर? माझ्याकडे दुसरा विषयच नव्हता. रंगाच्या डब्यांवर भाळणारी मुलगी मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत मिळणं कठीण.

उपचारांसाठी माझ्याकडे फुटपाथवर घेतलेलं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. त्यातली नेमकी आजारांची पानं वाळवीने खाल्ली होती. मग मी माझं डोकं चालवलं. ते कधी चालवू नये, हे तोवर मला कळलेलं नव्हतं. पाणी बदलायचं ठरवलं. रविवारी दोन प्लास्टिकचे कॅन घेऊन होडीने गोराईला गेलो, किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उतरून कॅन भरले आणि वाकत वाकत परत आलो. इकडच्या धक्क्यावर उतरतो तोच एका हवालदाराने काठी आडवी घातली. गोराईहून कॅन घेऊन येणारा माणूस म्हणजे हातभट्टीवाला, हे त्या काळी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"काय आहे यात?"

"समुद्राचं पाणी."

"समुद्राचं पाणी कशाला रे?"

"घरी आजारी आहे एकजण."

"कोण?"

"फूल. म्हणजे प्राणी. म्हणजे नाव फूल, पण…"

हवालदाराने आधी माझ्या तोंडाचा वास घेतला. मग कॅन उघडून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थू थू करत बाजूला झाला. "जा बाबा जा. पिऊन असतास तर समजून तरी घेतलं असतं!" सगळी होडी हसली. मी मात्र मान ताठ ठेवून चाललो. प्रेमात माणूस काय काय वाहून नेतो, पण खारं पाणी वाहून नेणारा मी पहिलाच असेन.

नव्या पाण्याने फुलाला जरा बरं वाटायचं. शेंड्या थोड्या हलायच्या आणि संध्याकाळी पुन्हा उलटी. पुन्हा गोराई, पुन्हा कॅन. तो हवालदार तर पुढे मला लांबूनच "कसा आहे पेशंट?" असं विचारू लागला. माझे खांदे सुजले, फूल मात्र आणखी आक्रसलं.

एका शनिवारी मी कारखान्यातून लवकर घरी आलो. खिशात कागदात गुंडाळलेली थोडी कोळंबी होती. ती मी रोजच आणायचो आणि आईच्या नकळत टँकमध्ये टाकायचो, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. आजारी जिवाला ताकद नको? दार ढकललं तर बाबा टँकवर ओणवे! हातात चिमटा, चिमट्यात बोंबलाचा तुकडा.

"बाबा?"

"काय नाय," ते दचकून म्हणाले. "बघी होतंय जरा."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अवो, आता घालू नकात! मी दुपारीच घातलंय त्याका."

बाबांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. मी खिशातून कागद काढला. आई पदराला हात पुसत बाहेर आली, तिने कागद बघितला, चिमटा बघितला आणि मटकन खुर्चीवर बसली. एकेक गोष्ट बाहेर आली. ज्या बाईला कोळंबी वाया गेलेली खपत नव्हती, ती कालवणातली निवडून रोज त्याला घालत होती. ज्या बाबांना त्याचं कौतुक नव्हतं, ते संध्याकाळी फिरायला जातो सांगून सुके बोंबील आणत होते. उलटी झाली की प्रत्येकाला वाटायचं, पोट रिकामं झालं, बिचाऱ्याला पुन्हा घालूया. म्हणजे मी गोराईहून पाणी आणायचो आणि आम्ही तिघं मिळून ते नासवायचो. पोटभर खाऊ घालून आम्ही त्याला मारत होतो. मुलीच्या मंडळींपुढे गुटगुटीत दिसावं म्हणून!

"आता लंघन," मी जाहीर केलं. टँकच्या झाकणाला सुतळी बांधली आणि वर गाठ मारली. ती गाठ आईबाबांसाठी आहे असं मी म्हणत होतो. ती सोडवायला पहिला हात माझाच शिवशिवला.

ते दिवस आमच्या घराला फार जड गेले. आई जेवताना टँककडे पाठ करून बसायची. "आपण गिळतो आणि ता बघता," असं म्हणायची. बाबा पेपर तोंडासमोर धरून मधूनच त्याच्या कडेने डोकावायचे. "उपाशी ऱ्हवलां तर बरां कसां होतला?" ते पुटपुटायचे. मी मोठ्या तोंडाने सायन्स सांगायचो आणि न्हाणीघरात जाऊन देवाला हात जोडायचो.

पण पाणी हळूहळू नितळ झालं. उलट्या थांबल्या. एका सकाळी बघतो तर फूल पुन्हा दगडाला चिकटलेलं. मग शेंड्या उघडू लागल्या, आधी चार-दोन, मग बऱ्याच. मासा परत येऊन बसला. मी गाठ सोडली, कोळंबीचा शेंगदाण्याएवढा तुकडा दिला आणि तो पोटात राहिला. आईने देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्याच दिवशी बैठक.

मामा खुर्चीवर, मुलीची आई सतरंजीवर, समोर लाडवांची बशी, तिला कुणाचा हात नाही. मुलगी टँकपाशी गेली. "बारीक झालंय ना?" ती म्हणाली. तिच्या लक्षात आलं! मी काही बोलणार, तेवढ्यात आई आतून बशी घेऊन आली. बशीत सोललेली भली मोठी कोळंबी. "घे गो बाय, भरव. तू म्हटलं होतंस ना."

तिने साडीचा पदर खोचला आणि कोळंबी उचलली.

"नको!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की मामाच्या हातातला चहा बशीत सांडला.

बाबांनी डोळे मिटून घेतले. वाट लागली, मी मनात म्हटलं. हेही स्थळ गेलं, आणि ते घालवायला या वेळी मी तोंड उघडलं! आता उघडलंच होतं तर सगळं सांगून टाकलं. उलट्या, बोंबील, गोराई, हवालदार, सुतळीची गाठ. "आमच्या घरात कुणाला उपाशी ठेवता येत नाही हो," मी म्हणालो. "त्यापायी ते मरायला टेकलं होतं. कालच एक घास पचलाय. आज तुम्ही भरवलंत तर पुन्हा आजारी पडेल."

तिने कोळंबी परत बशीत ठेवली. "मग कधी भरवू?"

"गुरुवारी," मी म्हणालो.

आईने कपाळाला हात लावला. "अरे मेल्या, गुरुवार पाळतो आपण!"

"मग शुक्रवारी."

"शुक्रवारी माझी रात्रपाळी आहे," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत थांबेल ते?"

"थांबेल."

"मग मी पण थांबते."

तोवर मला कुठल्याच मुलीने थांबते असं म्हटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी काचेला नाक लावून उगाच हवेची नळी बघत राहिलो. मागे आईचा धीर सुटला होता. "तुमी तरी घेवा हो आता," ती मामाला म्हणत होती. "पयल्या वेळेकव तसेच गेलात."

काचेतल्या प्रतिबिंबात मामाने लाडू उचलला.