गाडी वाटेत आहे

आमचे हे बस डेपोत वाहतूक नियंत्रक होते. चौकशीच्या खिडकीत बसायचं, माईकवरून गाड्या पुकारायच्या आणि कुठे दरड कोसळली की गाड्या दुसऱ्या रस्त्याने वळवायच्या. घरी बोलायचे कमी, कारण घसा तिकडेच संपलेला.

लग्न नवीन असताना एकदा मी डबा द्यायला गेले. खिडकीशी ही गर्दी. एक बाई विचारत होत्या, "अहो, गाडी आहे तरी कुठे?"

"वाटेत आहे."

"सकाळपासून वाटेतच आहे! पायी येतेय का?"

सगळे हसले, त्या बाईसुद्धा. मग निमूट बाकावर जाऊन बसल्या. मी हळूच विचारलं, "खरंच वाटेत आहे?"

"कुणास ठाऊक," हे म्हणाले. "पण माहीत नाही म्हटलं की माणूस उभाच राहतो, पाय दुखवून घेतो. वाटेत आहे म्हटलं की बसतो तरी."

निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. पाहुणे यायचे म्हटलं की कुठली गाडी, कुठे बदलायची, चुकली तर मागची कुठली, सगळं यांच्याकडे तयार. आमच्या लेकीला आम्ही भिंगरी म्हणतो, घरात टिकत नाही म्हणून. दोन मैत्रिणींबरोबर ती लांबच्या डोंगरात ट्रेकला निघाली, तेव्हाही यांनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला.

"बाबा, तिथे तुमची बस जात नाही हो."

"म्हणून तर नीट बघतोय."

काल दुपारी तिचा मेसेज आला. परतीच्या वाटेवरचा पूल वाहून गेलाय. आम्ही शेवटच्या गावात आहोत. इथेच थांबायचं की खिंड ओलांडून पलीकडे उतरायचं, ते ठरतंय. पुढे रेंज नाही. काळजी करू नका.

खिंडीत बर्फ पडणार असल्याचं बातम्यांत सांगत होते. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले ती बसलेच. हे मात्र चष्मा पुसून उठले आणि घराचा डेपो झाला. पोरी गावात थांबल्या तर नदीपाशी जीप. पलीकडे उतरल्या तर तिकडच्या रस्त्याला दुसरी. परतीची तिकिटं पुढे ढकलली. मग मेसेज केला, "गावातच थांबा. खिंडीत जाऊ नका. पूल होईल तेव्हा गाडी नदीवर हजर असेल."

एकच टिक. पुन्हा पाठवला. तरी एकच.

धाकटे दीर बघायला आले होते. "दादा, अजून गाड्या वळवतोयस? पेन्शन घे की सुखाने." कुणीच हसलं नाही, तेव्हा ओशाळून चपला घालायला लागले.

तेवढ्यात जीपवाल्याचा फोन आला. "काका, दोन्हीकडे गाडी लावतो हो. पण पोरी उतरणार कुठून?"

"दोन्हीकडे लाव," म्हणून यांनी फोन ठेवला. नोकरीत रस्ता बंद झाला की पुढच्या थांब्यावर फोन करता यायचा, चालकाला निरोप जायचा. इथे सगळ्या वाटा काढून झाल्या होत्या आणि जिला सांगायचं तिलाच ऐकू जात नव्हतं.

आज दिवसभर काही कळलं नाही. पोरींना ट्रेकला नेणाऱ्या कंपनीच्या ऑफिसातली मुलगी तेवढं एकच म्हणते, "सर, आमचाही संपर्क नाहीये." संध्याकाळी यांनी नकाशा घडी घालून ठेवला, परत उघडला. सारखी घडी घालून तो नेमका खिंडीपाशी विरलाय. तिथे यांनी चिकटपट्टी लावली, बोटाने दाबून दाबून.

झोप येत नाही म्हणून मी हे लिहीत बसले आहे. हे खिडकीशी उभे आहेत. ताट झाकून ठेवलंय, तसंच आहे. आत्ताच मागे न बघता त्यांनी विचारलं, "कुठे असेल गं ती?"

मला काय ठाऊक! त्या डोंगरातलं एक गाव मला सांगता येणार नाही.

"वाटेत आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मी खुर्ची उचलून त्यांच्यामागे नेऊन ठेवली. अजून बसलेले नाहीत.